दुसरीच्या जिभेवरचा उपास

गुळाचा पाक झाला की नाही, हे लोणावळ्यात पुष्कळ जण डोळ्यांनी ठरवतात. शालनबाई पाटोळे ते कानांनी ठरवीत. उकळत्या कढईतून उलथन्याच्या टोकावर एक थेंब उचलायचा, शेजारच्या वाटीतल्या गार पाण्यात सोडायचा आणि दोन बोटांत धरून मोडायचा. ‘कट्’ असा कोरडा आवाज आला की कढई खाली. आवाजात किंचितही ओलावा राहिला, तर आणखी अर्धा मिनिट आच. सव्वीस वर्षे त्यांनी हेच काम केले होते आणि एवढ्या काळात त्यांच्या हातची चिक्की दाताला चिकटते, अशी तक्रार एकाही गिऱ्हाइकाने केली नव्हती.

कारखाना म्हणजे बाजारपेठेमागच्या गल्लीतल्या तीन खोल्या. एकीत भट्टी व कढया, दुसरीत लाटण्याचा व कापण्याचा ओटा, तिसरीत खोकी भरण्याचे टेबल. तो श्रीपतीआबांनी उभारला होता. पतीच्या निधनानंतर पोरवयाच्या मुलीला घेऊन शालनबाई कामाच्या शोधात आल्या, तेव्हा आबांनी त्यांना पहिल्याच दिवशी कढईजवळ उभे केले होते. मुलगी पुढे शिकली, परिचारिका झाली, पुण्याला गेली. शालनबाई कढईजवळच राहिल्या.

त्यांच्या दिवसाला एक रेखीव घडी होती. पहाटे पाचला उठणे. एक स्तोत्र, एक अध्याय, मग प्रार्थना. पूर्वी ती गुडघे टेकून होई. गुडघे कुरकुरू लागल्यापासून खाटेच्या कडेवर बसून होऊ लागली, परंतु वेळ बदलली नाही. शुक्रवारी एकभुक्त. आणि दररोज दुपारी सव्वा वाजता, डबा खाऊन झाला की, रिकाम्या गोणपाटांच्या चळतीवर बसून बरोबर दहा मिनिटे मौन. त्या दहा मिनिटांत त्या काही मागत नसत, काही म्हणत नसत. देवापुढे नुसत्या बसत. खोकी भरणारी पिंकी, जिच्या जिभेला हाड नव्हते, ती नव्या बायकांना बजावून ठेवी, “आत्ता हाक मारू नका. मावशींची लाइन लागलीय. मोकळी झाली की बोला.” शालनबाईही त्यावर हसत; मात्र दहा मिनिटे पुरी झाल्यावर.

या घडीचा कणा म्हणजे उपवासकाळ. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत त्या गोडाचा कण तोंडात घालीत नसत. दिवस मोजले तर शेहेचाळीस भरतात. मधले सहा रविवार वगळले की शास्त्राचे चाळीस उरतात. शालनबाई वगळीत नसत. चिक्की करणारणीने गोड सोडावे, यात गल्लीला मोठी मौज वाटे. कल्पना मुळात त्यांच्या आईची, रतनबाईंची. रतनबाईंना अक्षरओळख नव्हती, पण अर्धी स्तोत्रे तोंडपाठ होती. कारखान्यातल्या दुसऱ्या वर्षी लेक येता-जाता चिक्कीचे तुकडे तोंडात टाकते, हे पाहून त्या म्हणाल्या होत्या, “जे रोज हातात असतं, ते थोडे दिवस खाली ठेवून बघावं. म्हणजे कळतं, आपण त्याला धरलंय का त्यानं आपल्याला.” आणि वर ताकीद दिली होती, की उपासाचा चेहरा करायचा नाही, केसांना तेल लावून, नीट वेणी घालून कामावर जायचे. त्या वर्षी ते पहिले शेहेचाळीस दिवस शालनबाईंना महाकठीण गेले. पुढे ते सवयीचे झाले. आणि सवय झाली की माणूस तिच्याकडे पाहायचे विसरतो, तसे त्यांचेही थोडे झाले.

या उपासात एकच अडचण होती. गुळाची प्रत्येक ढेप फोडल्यावर चाखावी लागते. खारवट जमिनीतल्या उसाचा गूळ दिसायला सोन्यासारखा असतो, पण चिक्की खारट होते. ते डोळ्यांना कळत नाही, कानांनाही नाही. इतकी वर्षे ही अडचण आबांनी सोडवली होती. राखेचा बुधवार आला की ते स्वतःहून म्हणत, “शालन, आजपासून तुझी जीभ माझ्याकडं.” गेल्या श्रावणात आबा गेले. त्यांचा मुलगा राजेंद्र धंदा पाहू लागला. पण त्याला मधुमेह, त्यामुळे गोड त्यालाही वर्ज्य. शिवाय ऑर्डरच्या मालाला खोकी भरणाऱ्यांनी तोंड लावायचे नाही, कडेचे तुकडेही परत कढईतच जायचे, हा आबांचा दंडक त्यांच्या मागेही चालू होता. तेव्हा यंदा राखेच्या बुधवारी शालनबाईंनी हे काम प्रतीक्षाकडे दिले.

प्रतीक्षा जवळच्या कार्ला गावची सून. वय चोवीस, लग्नाला चार वर्षे झालेली. सासरी भाताची खाचरे. गेल्या दिवाळीपासून ती बसने कामावर येऊ लागली होती. बोलणे कमी आणि हात चलाख. शालनबाईंना तिचे कौतुक होते. पाकाचा आवाज आपल्यामागे कुणाला तरी ऐकू आला पाहिजे, म्हणून त्या तिला कढईजवळ बोलावून थेंब मोडायला लावीत. ढेपा चाखण्याचे सांगितले तेव्हा ती क्षणभर थांबली, आणि मग “व्हय मावशी” म्हणाली. ते थांबणे शालनबाईंनी पाहिले होते. विचारले मात्र नाही.

त्याला एक कारण होते. यंदाचा उपास पंचविसावा. चर्चच्या महिला मंडळाने त्यांना विनंती केली होती, की ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहातल्या बुधवारी ‘ख्रिस्ती जीवनात साधनेचे मोल’ या विषयावर साक्ष द्यावी, म्हणजे आपला अनुभव सांगावा. शालनबाईंनी आयुष्यात कधी भाषण केले नव्हते. त्या रोज संध्याकाळी वहीचे एक पान काढून चार ओळी लिहीत आणि तीन खोडीत. न खोडलेली एक ओळ पानाच्या मधोमध उभी होती: ‘पंचवीस वर्षांत माझा उपास एकदाही मोडला नाही.’ तिच्याकडे पाहून त्यांना बरे वाटे. चर्चचे पाळकसाहेब वाटेत भेटले, सलाम करून म्हणाले, “शालनबाई, मंडळी तुमची वाट पाहतेय,” तेव्हाही बरे वाटले होते.

उपासाच्या तिसाव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, तुंगार्लीच्या एका बंगल्यातून दोनशे खोकी परत आली. आदल्या दिवशी तिथे लग्न होते. पाहुण्यांना निरोप देताना द्यायची चिक्की होती ती. आणणारा माणूस भला होता. त्याने आरडाओरडा केला नाही, एक खोके उघडून टेबलावर ठेवले आणि म्हणाला, “आमच्या वरमाईंनी विचारलंय, चिक्कीत मीठ घालायची नवी पद्धत आहे का?”

पिंकीने तुकडा तोंडात टाकला आणि काही न बोलता खाली पाहिले. पिंकी काही बोलली नाही, म्हणजे गोष्ट साधी नव्हती.

राजेंद्र स्वभावाने तापट नव्हता. पण बाप जाऊन वर्ष व्हायच्या आत त्याच्या नावाला बट्टा लागला, हे त्याच्या जिव्हारी लागले. या मालाला वापरलेल्या तीन ढेपा कुणी चाखल्या, असे त्याने विचारले. प्रतीक्षाने आपले नाव सांगितले. खारट लागल्या नाहीत का, म्हटल्यावर तिने मान खाली घातली. न चाखताच ‘ठीक आहे’ म्हणालीस का, असे विचारल्यावरही तिने मान वर केली नाही. तेव्हा राजेंद्र म्हणाला, की एवढे एक काम ज्याला नीट करता येत नाही, त्याने इथे कशाला यावे. शनिवारपर्यंत काम कर, सोमवारपासून येऊ नकोस.

शालनबाई चार पावलांवर कढईपाशी उभ्या होत्या. शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला. मग त्यांनी मनाशी म्हटले, पाक चढलाय, आत्ता हलले तर जळेल. पाक खरोखरच चढलेला होता. पण तो खाली उतरवायला एक क्षण पुरतो, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हते.

सव्वा वाजता त्या गोणपाटांवर बसल्या. इतक्या वर्षांत ते मौन एवढे गजबजलेले कधी नव्हते. पहिल्या मिनिटाला त्यांनी राजेंद्रला दोष दिला, दुसऱ्याला प्रतीक्षाला, तिसऱ्याला गूळ धाडणाऱ्या व्यापाऱ्याला. मग दोष द्यायला कुणी उरले नाही. त्या स्वतःशीच उरल्या, आणि त्यांना राखेच्या बुधवारचे ते क्षणभर थांबणे आठवले. सातव्या मिनिटाला त्या उठल्या. पिंकीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, मग त्यांच्याकडे, आणि वाटेतून बाजूला झाली.

मागच्या नळावर प्रतीक्षा एक मोठा झारा घाशीत होती. तो आधीच स्वच्छ होता.

“खरं सांग मला,” शालनबाई म्हणाल्या. “चाखल्या होत्यास?”

“चाखल्या, मावशी. तिन्ही चाखल्या.”

“मग?”

“मला काय बी लागत न्हाई. महिना झाला. गोड न्हाई, खारट न्हाई. तोंडात नुसतं लोखंड चघळल्यावानी.”

ओला झारा तिने पोटाशी धरला होता, आणि दुसरा हात त्याच्याही आत, पदराखाली होता. शालनबाईंनी तो हात पाहिला.

“कितवा महिना?”

“तिसरा.” मग ती म्हणाली, “आदीची दोन पोटातच गेली. सासूबाई म्हनल्या, चौथा लागल्याबिगर कुनाला बोलायचं न्हाई.”

“ते नको सांगूस. पण चव येत नाही, एवढं तरी सांगायचंस. मी चाखलं असतं.”

“म्हनून तर न्हाई सांगितलं,” प्रतीक्षा म्हणाली. “तुमचा पंचिसावा हाये न्हवं? माज्यापायी मोडला असता.”

शालनबाईंनी तिच्या हातातून झारा घेतला आणि नळ बंद केला. त्या दिवशीचे त्यांचे खरे मौन बहुधा तेवढेच.

संध्याकाळी त्या तिला बसथांब्यापर्यंत पोचवून घरी आल्या. वही उघडली. मधोमध ती ओळ उभी होती. त्यांनी ती एकदा वाचली, दुसऱ्यांदा वाचली. उपास मोडला नव्हता हे खरे. पण तो कशावर उभा होता? आबा होते तोवर आबांच्या प्रेमावर. आणि यंदा एका धास्तावलेल्या पोरीच्या जिभेवर, जिला चव लागत नव्हती. पोटात एवढे ओझे घेऊन ती माझाही उपास वाहत होती, आणि मी रोज सव्वा वाजता देवापुढे हलकी होऊन बसत होते!

एक पळवाट त्यांना सुचली. गूळ जिभेवर ठेवावा, चव घ्यावी, थुंकून टाकावा. गिळला नाही म्हणजे उपासही राहिला. मग त्यांना आपलेच हसू आले. देवाशी वकिली करण्याचे वय आता राहिले नव्हते. तरीही झोप लवकर आली नाही. पंचवीस वर्षे जपलेली वस्तू आपल्या हाताने फोडायची होती, आणि ती नुसती हट्टाची वस्तू नव्हती. त्या उपासाने त्यांना वैधव्याच्या पहिल्या वर्षांतून तारून नेले होते. त्यानेच त्यांना ‘नाही’ म्हणायला शिकवले होते, आणि तेही रडत नव्हे, वेणी घालून.

शुक्रवारी त्या सातलाच कारखान्यात पोचल्या. कोठीत अकरा ढेपा शिल्लक होत्या. त्यांनी प्रत्येकीचा कोपरा फोडला, पुढे मांडून ठेवल्या, डोळे मिटून दोन शब्द प्रार्थना केली आणि मसुरीएवढा पहिला खडा जिभेवर ठेवला.

दरवर्षी हे गोड त्यांना ईस्टरच्या पहाटे भेटे, उपासना आटोपून, दफनभूमीतून परतताना. यंदा ते गोणपाटांच्या वासात, एका खिडकीच्या उजेडात भेटले. डोळ्यांत पाणी आले, पण त्या थांबल्या नाहीत. दुसरी ढेप, तिसरी. प्रत्येकीनंतर पाण्याची चूळ. चौथीला त्या अडखळल्या. गोडाच्या तळाशी, सुईच्या टोकाएवढे, काहीतरी निराळे होते. महिनाभर गोड न पाहिलेली जीभ कोऱ्या पाटीसारखी झाली होती. तिच्यावर बारीक रेघही उमटत होती. अकरांपैकी चार ढेपा त्यांनी बाजूला काढल्या.

आठला राजेंद्र आला आणि दारातच थबकला. तो शाळेत होता तेव्हापासून त्याने मावशींचा हा उपास पाहिला होता.

“मावशी, हे काय केलंत?”

“ह्या चार वापरू नका, राजाभाऊ,” शालनबाई म्हणाल्या. “आणि कालची चूक माझी आहे. उपास माझा होता. तो मी त्या मुलीच्या जिभेवर ठेवला. तिची तब्येत बरी नाही. काय होतंय ते तीच सांगेल, सांगायचं तेव्हा. पण तिला चव लागते का, हे मी एकदाही विचारलं नाही. काल तुम्ही तिला बोललात, तेव्हा मी इथंच होते आणि गप्प बसले. सोमवारपासून कुणी यायचं नसेल, तर मी येत नाही.”

राजेंद्रने बाजूला काढलेल्या ढेपांकडे पाहिले. मग म्हणाला, “आबा असते, तर त्यांनी तुम्हाला उपास मोडू दिला नसता.”

“आबांना चव येत होती,” शालनबाई म्हणाल्या.

पिंकीला बोलावून त्याने चारही ढेपा चाखायला लावल्या. तिच्या मते दोन खारट होत्या, दोन चांगल्या. तेव्हा त्या ‘चांगल्या’पैकी एकीचा थोडा गूळ वेगळ्या पातेल्यात आटवून पाहिला, पाक आटला तशी खारट चव वर आली, आणि पिंकीने कान धरले. राजेंद्रने त्या चारही ढेपा स्वतः उचलून दाराबाहेर ठेवल्या. मग, कुणाकडे न पाहता, त्याने सांगितले की प्रतीक्षाने उद्यापासून भट्टीजवळ उभे राहायचे नाही. टेबलाशी बसून खोकी भरायची. चाखण्याचे काम मावशींचे. आणि तुंगार्लीला नवी दोनशे खोकी तो स्वतः घेऊन जाईल. सोमवारचा विषय पुन्हा निघाला नाही.

उरलेले दिवस शालनबाईंनी रोज गूळ चाखला. खडा मसुरीएवढाच, ढेपेला एकच, मग चूळ. तरी चारच दिवसांत त्यांच्या ध्यानात आले, की सकाळी वेणी घालताना जीभ त्या खड्याची वाट पाहू लागली आहे. आईचे म्हणणे किती खरे होते! त्यांनी त्या वाट पाहण्यालाच कामाला लावले. खडा तोंडात घालण्यापूर्वी त्या तिन्ही खोल्यांतून एक फेरी मारू लागल्या. प्रत्येकीसमोर थांबायचे, “आज बरं आहे ना?” विचारायचे, आणि उत्तर पुरे होईपर्यंत हलायचे नाही. कुणाची पाठ दुखे, कुणाच्या घरी पाहुणे असत, कुणाला नुसतेच बोलायचे असे. पिंकी म्हणाली, “आता मावशींचा फोन आम्हालाच यायला लागलाय.” पण तिच्याही टेबलापाशी फेरी जरा लांबे, तिच्या घरीही सांगण्यासारखे बरेच होते, हे आजवर कुणाला ठाऊक नव्हते.

पवित्र सप्ताहातल्या बुधवारी त्या महिला मंडळात उभ्या राहिल्या. वही नेली नव्हती. उपास तिसाव्या दिवसापर्यंत चालला आणि एकतिसाव्या सकाळी मी तो मोडला, असे सांगून त्यांनी घडलेली गोष्ट, प्रतीक्षाचे नाव व कारण न सांगता, चार मिनिटांत सांगितली. मागच्या बाकावर कुजबुज झाली. एका वडीलधाऱ्या बाईंनी मोकळेपणाने विचारले, की असा मोडणारच असेल, तर पंचवीस वर्षे करून काय मिळाले?

शालनबाईंनी विचार केला. त्यांना घाईने उत्तर द्यायचे नव्हते.

“बाई,” त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं रोज दहा मिनिटं गप्प बसले नसते, तर त्या दिवशी सातव्या मिनिटाला उठले नसते. पाक खाली उतरवायला मला तीन तास लागले. साधना नसती, तर जन्म लागला असता.”

पाळकसाहेब शेवटी दोन शब्द बोलणार होते. ते उभे राहिले, आणि ‘आपण प्रार्थना करू’ एवढेच म्हणाले.

ईस्टरची पहाटेची उपासना दफनभूमीत झाली. “प्रभू उठला आहे” आणि “खरोखर उठला आहे” या घोषांनी डोंगराकडचे पक्षी जागे झाले. शालनबाईंनी पतीच्या व आईच्या कबरीवर फुले ठेवली, मंडळींना सलाम केला आणि तशाच कामावर गेल्या. सुटीचा रविवार, पुढल्या दुकानात पर्यटकांची रीघ लागली होती. पर्समध्ये कागदात गुंडाळलेला तिळाच्या चिक्कीचा एक तुकडा होता. तो त्या दरवर्षी शनिवारीच कापून ठेवीत. यंदा उपास सुटण्यासारखा राहिला नव्हता. पण हाताने आपली सवय पाळली होती.

फेरी मारता मारता त्या प्रतीक्षाच्या टेबलापाशी आल्या. चौथा महिना लागला होता. आदल्या आठवड्यात तिने आपल्या तोंडाने पिंकीला सांगितले होते, म्हणजे आता गल्लीत सांगायचे कुणाला उरले नव्हते. शालनबाईंनी कागद उघडला, तुकडा दोन बोटांत धरून मोडला. ‘कट्’ असा कोरडा, स्वच्छ आवाज झाला. अर्धा त्यांनी पुढे केला.

“आदी तुमी, मावशी,” प्रतीक्षा म्हणाली. “तुमचा सण हाये.”

“आधी तू.”

तिने तो जिभेवर ठेवला, चावला नाही. हातातले खोके तसेच उघडे राहिले. मग तिच्या गालाची हालचाल थांबली, आणि तिने हळूच वर पाहिले.

“मावशी,” ती म्हणाली, “गोड लागतंय.”

प्रतीक्षाने तुकडा संपवला, ओठांवरचा तीळ बोटाने टिपून तोंडात टाकला, आणि लग्नानंतरच्या चार वर्षांत काहीच न मागितलेल्या माणसाच्या संकोचाने विचारले, “अजून हाये का?”

त्यांनी दुसरा अर्धाही तिच्या तळहातावर ठेवला. तेवढ्यात कढईवरून हाक आली, पाक चढला होता. आणि त्या लगबगीने निघाल्या.

ईस्टरच्या दिवशी आपण गोडाचा कणही खाल्ला नाही, हे संध्याकाळी घरी जाऊन पर्समधला रिकामा कागद घडी घालून ठेवताना त्यांच्या लक्षात आले.